अर्ध्यावर थांबलेलं रडणं

त्या रविवारी प्रेमाआत्या सकाळीच भांडुपहून आली, आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून तिने पिशवीतलं कुळथाचं पीठ आणि सुका जवळा ओट्यावर मांडला. गावाहून काही आलं की त्यातला भावाचा वाटा मुलुंडला पोचवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"दादा, जवळो उन्हात घाल हां. नायतर वयनी फेकून देतली, वास येता म्हणान."

"नाय फेकूची. मी राखण बसतंय," बाबा म्हणाले, आणि दोघंही खो खो हसली.

गंधाली बाहेर जेवणाच्या टेबलापाशी पुस्तकं पसरून बसली होती. तिचे बाबा, काशीराम परब, पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. वडील लालबागला गिरणीत, आणि काशीराम आणि प्रेमा ही भावंडं मालवणजवळच्या गावी वाढलेली. पवईच्याच ग्रंथालयात काम करणाऱ्या वसुधाशी त्यांनी लग्न केलं, तेव्हा गिरणी कामगाराचा मुलगा आणि सांताक्रूझच्या शिकल्यासवरल्या घरातली मुलगी म्हणून दोन्हीकडे बरीच आदळआपट झाली. पुढे ती शमली. राहिलं ते एवढंच, की घर सांताक्रूझच्या रीतीने चाललं. जेवताना मोठ्याने बोलायचं नाही, पाहुण्यांसमोर कोणाचं काही काढायचं नाही, हसायचं ते शेजाऱ्यांना कळू न देता. आईला कधी रागवावं लागलं नाही. "आमच्याकडे असं नसतं," एवढंच ती म्हणे, आणि बाबा आवाज खाली आणत. फक्त बहीण आली की त्यांना ते आठवत नसे. मग स्वयंपाकघरात मालवणी सुरू होई, भांडी जास्त वाजत, आणि आई बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसे. तिला राग नसे. फक्त त्या दिवशी कोडं लवकर सुटत नसे.

गंधाली चव्वेचाळीस वर्षांची. घाटकोपरच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होती. लग्न केलं नव्हतं, आणि त्यावर घरात बोलायचं सगळ्यांनी कधीच सोडून दिलं होतं. मालवणी तिला सगळी कळे. बोलली मात्र ती कधी नव्हती.

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. "काय गो, रविवारी पण पुस्तकां? डोळे जातले तुझे."

"उद्या तास आहे, आत्या."

"कसलो?"

"वेगवेगळ्या समाजांत लोक मरण कसं पाळतात, त्याचा."

"आणि ह्याचो पगार गावता?"

मागून बाबा हसले. आईही कोड्यातून वर बघून हसली. गंधालीला हसू आलं, पण शिकवणाऱ्याला विषय समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती म्हणाली, "ग्रीसमधल्या डोंगराळ गावांतल्या बायका बघ. कोणी गेलं की उशाशी बसून गात रडायच्या. त्याच्याशीच बोलायच्या. त्याचं सगळं आयुष्य सांगायच्या, त्याच्यावर रागवायच्या, घरातल्यांना पण सोडायच्या नाहीत. त्यावर लोकांनी मोठमोठी पुस्तकं लिहिली आहेत."

आत्याने कमरेवर हात ठेवले. "मगे? माणसा दुसरा कसा रडतत?"

"प्रेमाक घेवन जा कॉलेजात," बाबा म्हणाले. "पोरा बाकाखाली लपतली."

"ते वेगळं आहे, बाबा," गंधाली म्हणाली. "त्यांची तशी परंपरा आहे. त्याला एक बांधणी असते."

"असात, असात," आत्या म्हणाली आणि कुळथाची पिठी करायला आत गेली.

दुपारी सगळी जेवली. आईने पिठी वाटीभर घेतली, ती संपवली, आणि चांगली झाल्याचं सांगितलं. संध्याकाळी बाबा आत्याला रिक्षापर्यंत सोडायला गेले आणि येताना आईसाठी सोनचाफ्याची चार फुलं घेऊन आले. रात्री जेवताना ते फार बोलले नाहीत. पण ते कधीच जेवताना फार बोलत नसत.

सोमवारी सकाळी दूध आणायला निघताना, चपला घालता घालता ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. गंधालीला वाटलं, पट्टा अडकला असेल. ती चहा गाळत होती. गाळून झाल्यावर तिने बघितलं, तर ते तसेच बसले होते, एका पायात चप्पल, भिंतीला टेकून. तळमजल्यावरचे डॉक्टर धावत आले. नंतर हॉस्पिटल, नंतर कागद, आणि दुपारच्या आत बाबा पुन्हा घरी आले ते चौघांच्या हातांवर.

बाहेरच्या खोलीतलं सामान भिंतीकडे सरकवून त्यांना मधोमध ठेवलं. आईने साडी बदलली होती. ती त्यांच्या पायांशी खुर्चीवर ताठ बसली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच शांतपणे सांगत होती. सकाळी बरे होते. दूध आणायला निघाले होते. त्रास झाला नाही. सांताक्रूझहून देवदत्तमामा आला. तो आईच्या खुर्चीमागे उभा राहिला, हात तिच्या खांद्यावर. इमारतीतली माणसं आत येत, हात जोडत, दोन मिनिटं उभी राहत आणि जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलत. कोणी रडत नव्हतं. गंधालीही नाही. तिला एवढंच वाटत होतं की हे सगळं नीट पार पडलं पाहिजे.

मग जिन्यातून आवाज आला.

तो आवाज आधी आला आणि आत्या नंतर. तिचा मुलगा निलेश तिला दंडाला धरून आणत होता, पण दारात येताच तिने त्याचा हात झटकला आणि भावाच्या उशाशी बसकण मारली. त्याचं तोंड दोन्ही हातांत घेतलं. आणि जे रडत होती, त्याला शब्द फुटले.

"दादा रे, माझ्या दादा, न सांगता खय चललस रे... वहाळाक हूर इलो तेव्हा माका खांद्यार घेवन पाण्यात उतारलस रे... मधी जावन थांबलस... माका म्हणालस, प्रेमा, डोळे मीट... आता माका डोळे मीट म्हणून कोण सांगतलो रे..."

प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज उंच चढत होता आणि मग एकदम खोल पडत होता. जिन्यातलं बोलणं थांबलं. समोरच्या घराचं दार उघडलं. कोणीतरी लहान मुलाला आत नेलं. आत्या डुलत होती, आणि भाऊ झोपेतून उठणार असल्यासारखी त्याला हलवत होती.

"लोखंडात हात काळे केलस... घरात येवन गप ऱ्हवलस... मोठ्यान हसलस नाय रे दादा... ह्या घरात मान खाली घालून जेवलस... आणि आज बघ रे, ह्या घरात तुका रडणारा कोण नाय रे..."

देवदत्तमामाने गंधालीकडे बघितलं. गंधालीने आईकडे बघितलं. आई तशीच ताठ बसली होती, पण तिच्या मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकले होते. इमारतीतले सगळे दारात उभे होते आणि आईवर आरोप होत होता. गंधाली खाली वाकली आणि आत्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू, स्पष्ट आवाजात म्हणाली,

"आत्या, पुरे. हा तमाशा इथे नको."

आत्या थांबली. हुंदका अर्धा आत ओढलेला, तो तसाच राहिला. तिने गंधालीकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग भावाच्या चेहऱ्यावरचे हात काढून घेतले, पदर नीट केला, आणि उठून भिंतीशी जाऊन बसली. त्यानंतर बाबांना नेईपर्यंत घरात आवाज झाला नाही. सगळं नीट पार पडलं.

अग्नी गंधालीने दिला. त्यावर कोणी काही बोललं नाही.

पुढच्या दिवसांत घर सांताक्रूझच्या माणसांनी भरलेलं राही. ती डब्यांतून साधं जेवण आणत, आईला विश्रांती घ्यायला सांगत, पेन्शनचं आणि बँकेचं काय करायचं ते समजावत. सगळी मायेची माणसं. बाबांबद्दल बोलताना ती म्हणत, "किती शांत माणूस. कधी आवाज नाही त्यांचा." गंधाली मान डोलवत असे. आणि एका दुपारी तसं मान डोलवताना तिच्या लक्षात आलं, की ज्या माणसाबद्दल हे बोलत आहेत तो अर्धाच माणूस आहे. दुसऱ्या अर्ध्याला ओळखणारी इथे कोणी नव्हती. ती भांडुपला होती, आणि आली नव्हती.

आई रडली नाही. निदान कोणी तिला रडताना बघितलं नाही. पण रोज दुपारी, सगळी पांगली की, ती न्हाणीघरात जाई आणि नळ सुरू होई. बराच वेळ चाले. ही बाई आयुष्यभर दात घासताना नळ बंद ठेवायला सांगत आली होती. पाण्याचा आवाज ऐकत गंधाली बाहेर बसे, आणि तिला सांताक्रूझचं घर आठवे. आजी गेली तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. घरात सगळे शांत. पण एकेक जण आत जायचा, नळ सुरू व्हायचा, आणि बाहेर यायचा तेव्हा त्याचं तोंड धुतलेलं असायचं. मग दुसरा जायचा. मोठी माणसं मरणानंतर सारखं तोंड का धुतात, ते तिला तेव्हा कळलं नव्हतं. तिथेही एक रीत होती. तीही कोणी कोणाला शिकवली नव्हती.

गंधालीला यातलं काहीच येत नव्हतं. ती एकदा न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. पाणी वाहत राहिलं, आणि थोड्या वेळाने तिने नळ बंद केला.

दर वर्षी ती वर्गात एक गोष्ट सांगत असे, आणि ती सांगताना मुलं वहीतून मान वर काढत. विलापात बाई घरातल्यांवर आरोप करते, तेव्हा तो तुमच्या घरच्या भांडणातल्यासारखा ऐकायचा नाही. तिथे तिला तेवढी एकच जागा असते, जिथे सगळं म्हणता येतं. आपल्या कानांनी ऐकलंत तर शिवी ऐकू येईल. तिच्या कानांनी ऐका. एवढं नीट तिला माहीत होतं. ग्रीसबद्दल माहीत होतं. आपल्याच बाहेरच्या खोलीत, आपल्याच आत्याच्या तोंडून ते आलं, तेव्हा तिला फक्त शिवी ऐकू आली होती.

दहाव्याच्या विधीला निलेश एकटाच आला. सगळं आटोपल्यावर तो गंधालीला बाजूला घेऊन उभा राहिला. निलेश रिक्षांचं गॅरेज चालवत असे आणि फिरवून बोलणं त्याला जमत नसे.

"आत्या का नाही आली रे?"

"ताई, आता खरं सांगू का गोड बोलू?"

"खरं सांग."

"तू तिला तमाशा म्हणालीस ना, तेव्हापासून ती गप्प आहे. म्हणजे गप्पच. जेवते, झोपते, बोलत नाही. आमच्याकडे ती गप्प म्हणजे काय माहितीये का तुला? चाळीतली माणसं येऊन विचारून जातात, काय झालं म्हणून. माझी बायको तर घाबरलीये. सासू ओरडत नाही, आता हिचं काय करू म्हणते." त्याने हसायचा प्रयत्न केला. "आई पहिल्या रात्री एवढंच म्हणाली, रडणा अर्धा ऱ्हवला. मधेच तुटलं की पुन्हा येत नाही म्हणे. आणि तेराव्यानंतर आमच्यात मोठ्याने रडत नाहीत. मेलेल्याची वाट अडते. म्हणजे आता मामाचं ते राहिलंच."

"मी येते तिच्याशी बोलायला."

"ये. पण माफी-बिफी मागू नकोस हां. ती अजून भडकेल. घरच्या माणसाने माफी मागितली की तिला परकं वाटतं."

घरी आल्यावर गंधालीने आईला सांगितलं. आई खिडकीशी बसली होती. मांडीवर वर्तमानपत्र होतं, घडीसुद्धा न मोडलेलं.

"तू तिला का थांबवलंस?" आईने विचारलं.

गंधाली चकित झाली. "तुझ्यासाठी. ती सगळ्यांसमोर तुला बोलत होती."

"हो. बोलत होती." आईने वर्तमानपत्राची घडी हाताने सरळ केली. "खोटं बोलत होती का? हळू बोलतच राहिले ना ते, आयुष्यभर. मी कधी त्यांना मोठ्याने बोला असं म्हटलं नाही. मला वाटायचं, त्यांना शांतता आवडते."

"आई, पण तेव्हा तुझे हात—"

"मी ऐकत होते, गंधाली." आई पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलली. "ओढ्यात उतरले आणि मधे जाऊन थांबले. मग पुढे काय झालं? पंचेचाळीस वर्षांत त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, की ते बहिणीला खांद्यावर घेऊन पुरात उतरले होते. मला ते ऐकायचं होतं. ती माझ्यावर घसरली, त्याचं काय? ती तिथून परत ओढ्यावर आली असती. मला येत नाही तसं. मला काही केलं तरी येणार नाही. पण जिला येतं, तिने तरी त्यांच्यासाठी करायला हवं होतं ना? नाहीतर कोण करणार होतं?"

गंधाली खिडकीशी तिच्या शेजारी जाऊन बसली.

"बाराव्याला दुपारी जाऊ," आई म्हणाली.

"तू? तेराव्याच्या आत घराबाहेर? मामा काय म्हणेल?"

"म्हणेल, आमच्याकडे असं करत नाहीत." आई उठली. "करत नाहीतच. जाऊ."

भांडुपच्या टेकडीवर रिक्षा एका मर्यादेपर्यंतच जाते. पुढे पायऱ्या. आई थांबत थांबत चढली, एका हाताने भिंतीचा आधार घेत. वाटेत नळाच्या रांगेतल्या बायका तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघून गप्प होत होत्या, आणि वाट सोडत होत्या. या घरी ती किती वर्षांत आली नव्हती, ते दोघींपैकी कोणालाच आठवेना.

आत्या दारातच बसली होती. तिच्या हातात काही नव्हतं. गंधालीने तिला रिकाम्या हातांनी बसलेलं कधी बघितलं नव्हतं. नेहमी काही ना काही निवडणं, सोलणं, शिवणं चाललेलं असे. वहिनीला पायऱ्यांवर बघून ती उभी राहिली आणि आत सरकली. सुनेने खुर्ची पुढे केली. आई बसली. पाणी आलं. आई ते प्यायली.

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"प्रेमा," आई म्हणाली, "वहाळात मधे थांबले, मग काय झालं?"

आत्याने मान हलवली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज फुटला तो घोगरा होता. "ता असा सांगूचा नसता, वयनी. रडताना येता ता. आता मी सांगलंय तर नुसती गोष्ट होतली."

"मग रड."

"रडणा काय नळ आसा? उघडलो आणि इला?"

आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणता येईल असं, पण हसू नव्हे. "आमच्याकडे नळच उघडतात," ती म्हणाली.

"काय?"

"न्हाणीघरात. दार लावून घ्यायचं आणि नळ सोडायचा. म्हणजे बाहेर ऐकू जात नाही. माझी आई तसंच करायची, मावश्या तसंच करायच्या. मी लहानपणापासून तेच बघितलं. मला वाटायचं, सगळीकडे असंच रडतात."

आत्या पुढे सरकली. "म्हंजे तू रडलंस?"

"रोज."

"माका वाटला..." आत्याने वाक्य सोडून दिलं. तिने वहिनीच्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. त्या तोंडावर ती आयुष्यभर जे शोधत आली होती, ते तिथे नव्हतंच ठेवलेलं. मग ती म्हणाली, "पाणी किती गेला असात गो."

आई खरंच हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर पदर धरला. आत्या उठून तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिने डोळे मिटले, श्वास ओढला, आणि तोंड उघडलं. "दादा रे..." एवढाच शब्द आला. तो सुका होता. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग डोळे उघडले.

"नाय येणा," ती म्हणाली. "तुटला ता तुटला. माझ्याच्यान आता सुरू होवचा नाय. आमच्यात एकटी कोण रडणा नाय, वयनी. एक काढता आणि मगे दुसरी धरता. कोणी काढल्यान तर मी धरीन." आणि तिने गंधालीकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. रुसवा होता, आणि रुसव्याच्या खाली दुसरं काहीतरी, विचारल्यासारखं. "तू तेचा चेडू, लेक तेची. तू तोडलंस, आता तू काढ."

गंधाली दाराजवळ उभी होती. "मला येत नाही, आत्या."

"येवचा काय आसा तेच्यात? तेका हाक मार. पुढचा येता."

तिने आईकडे बघितलं. आई नेहमी अशा वेळी जे म्हणते ते म्हणाली नाही. ती फक्त वाट बघत होती.

गंधाली जमिनीवर बसली. बाहेर माणसांची ये-जा होती, दार सताड उघडं होतं, आणि उद्या तेरावा होता. उद्यानंतर हे करता येणार नव्हतं. तिने पुस्तकांत वाचलेलं सगळं आठवून बघितलं आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. त्या बायका कशा बसत, कुठल्या सुरात गात, पहिली ओळ कशी असे, हे तिला तोंडपाठ होतं. त्यांना पहिला शब्द काढताना कसं वाटत असेल, ते कोणी लिहिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली.

"मोठ्यान," आत्या म्हणाली. "तो लांब गेलो."

"बाबानू," गंधालीने हाक मारली, आणि तो गावाकडचा शब्द आपल्या तोंडून आल्याचं ऐकून तिला स्वतःलाच धक्का बसला. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. हात जड होता, आणि हळूहळू डुलायला लागला होता. "बाबानू, तुम्ही पहाटे कामावर जायच्या आधी माझ्या खाटेकडे येत होतास..." मालवणी आणि घरची भाषा एकमेकींत अडकत होती, आणि ती कोणतीही सोडवत बसली नाही. "माझ्या कपाळार हात ठेवत होतास... मी उठान म्हणून चपला हातात घेवन दाराबाहेर जात होतास... कोणाक कधी सांगितलं नाही तुम्ही, मी पण नाही... तुमका वाटायचा, चेडू झोपला आसा..." आवाज वर चढला आणि तिला तो खाली आणता आला नाही. कोणी आणायला सांगितलंही नाही.

"मी झोपलेली नव्हते, बाबानू. मी जागी होते. रोज जागी होते. डोळे मिटून तुमच्या हाताची वाट बघत होते."